मराठीचा पेपर, केंद्र मॉरिशस

परीक्षेसाठी पायपीट करणारी माणसं आमच्या या दापोलीच्या पट्ट्याला नवी नाहीत. आंजर्ल्याहून जोग नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला, हर्णै बंदर मागे टाकलं, की पुढे मुरुड. १८७५ सालच्या पावसाळ्यात या मुरुडातली काही पोरं साताऱ्याला निघाली, ती चालत. परीक्षा होती मराठी सहावीची, सरकारी. ती पास झालं की मास्तरकी तरी मिळे, नाहीतर कचेरीत कारकुनी. मुंबईला जाऊन बसावं तर पावसाळ्यात दर्या बंद. म्हणून कुंभार्ली घाट चढून सातारा गाठायचा, सुमारे ११० मैल. चार दिवस भिजत, चिखल तुडवत पोरं पोचली. त्यातल्या एकाला परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी नीट न्याहाळलं आणि हा सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून बाहेर काढलं. वयाचा दाखला जवळ होता, तोही चालला नाही. पोरगा आल्या वाटेने परत गेला आणि पुढल्या वर्षी कोल्हापूरला बसून पास झाला. त्याचं नाव धोंडो केशव कर्वे.

ही गोष्ट दापोली तालुक्यात शाळाशाळांतून सांगितली जाते. १८ एप्रिलला कर्व्यांची जयंती असली की कुणीतरी पाहुणा उभा राहतो, घाट, पाऊस, कंदील सगळं वर्णन करतो आणि शेवटी पोरांना 'आणि तुम्हाला साधं वेळेवर शाळेत येता येत नाही' असं सुनावतो. माझं लक्ष मात्र दरवेळी त्या परीक्षेकडे जातं. ती मराठीत होती. मराठी वाचायला, लिहायला आणि मराठीतून गणित सोडवायला येतं, याचा सरकारी कागद मिळवण्यासाठी एक मुलगा सह्याद्री ओलांडून गेला होता. पुढे कित्येक पिढ्या हाच कागद 'व्हर्नाक्युलर फायनल' या नावाने चालला. आमच्या आजोबांच्या वेळी गावात 'फायनल झालेला' माणूस म्हणजे वजनदार माणूस. पत्र त्याच्याकडून लिहून घ्यायचं, खरेदीखत त्याच्याकडून वाचून घ्यायचं, आणि भांडण मिटेना झालं की तोच पंच.

परीक्षांना शिव्या घालणं आता सभ्यपणाचं लक्षण झालंय. परीक्षेने मुलं घोकंपट्टी करतात, कल्पकता मरते, वगैरे वगैरे. बरंचसं खरंच आहे ते. पण लहान भाषेच्या बाजूने पाहिलं की चित्र उलटं होतं. भाषेची परीक्षा असली की वेळापत्रकात तास येतो. तास आला की मास्तर लागतो, मास्तर आला की त्याचा पगार मंजूर होतो. मग पुस्तक छापावं लागतं, ते तपासायला समिती बसते, समितीत भांडणं होतात. भाषेवर सरकारी पैशाने भांडणं होऊ लागली की ती भाषा जिवंत आहे असं खुशाल समजावं. जिची परीक्षाच नाही तिच्यासाठी कुणी भांडत नाही. ती आजीबरोबर माजघरात राहते आणि आजीबरोबरच जाते.

या बाबतीतलं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे आइल ऑफ मॅन. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रातलं हे बेट जेमतेम ५७२ चौरस किलोमीटरचं. आमचा दापोली तालुकासुद्धा त्याच्याहून मोठा भरेल. वस्ती सुमारे ८४ हजार. तिथली स्वतःची भाषा मँक्स, आयरिशच्या कुळातली. बेटावर इंग्रजी शाळा आल्या, इंग्रज पर्यटक आले, आणि मँक्स बोलणं म्हणजे मागासपणा असं आईबापांनाच वाटायला लागलं. १९०१च्या खानेसुमारीत साडेचार हजारांच्या आसपास लोकांनी आपल्याला मँक्स येते असं सांगितलं. त्यानंतर आकडा घसरतच गेला. शेवटचा जन्मजात मँक्स बोलणारा नेड मॅड्रेल हा कोळी माणूस. क्रेगनेश नावाच्या खेड्यात तो एका म्हाताऱ्या नातलगिणीकडे वाढला, तिला इंग्रजी धड येत नव्हतं, म्हणून याची मँक्स टिकली. २७ डिसेंबर १९७४ला तो गेला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून भाषा शिकून घेणारे काही हट्टी लोक निघाले. आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने १९४८मध्ये ध्वनिमुद्रणाची गाडी बेटावर धाडून उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांचे आवाज टिपून ठेवले होते, त्याचाही उपयोग झाला. नंतर भाषा शाळांमध्ये ऐच्छिक विषय झाली. २००१मध्ये संपूर्ण मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. आणि माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी परीक्षा तयार झाली, तिचं नाव तेश्त खाजिन गिल्गाख. इंग्लंडातल्या पोरांची जी सोळाव्या वर्षाची जीसीएसई, आपल्या दहावीच्या तोलाची, तिच्याच दर्जाची ही. त्याच्या वरची, बारावीच्या तोलाचीही आहे. दरवर्षी मोजकीच मुलं बसतात. पण बसतात, मार्क घेतात, आणि तो कागद पुढे अर्जाला जोडतात. २००९मध्ये युनेस्कोने मँक्सला 'नामशेष' ठरवलं तेव्हा त्या शाळेतल्या मुलांनी युनेस्कोला पत्र लिहिलं की आमची भाषा मेली असेल तर हे पत्र आम्ही कोणत्या भाषेत लिहितोय? युनेस्कोला नोंद बदलावी लागली.

मराठी माणसाला हे वाचून मजा वाटते आणि तो पान उलटतो. आपली भाषा आठ कोटींवर लोकांची, आपल्याला त्या बेटाशी काय देणंघेणं? मला वाटतं, आहे. मराठीलाही एक बेट आहे, आणि तिथे मराठीचा पेपर कसा टिकला याची गोष्ट मँक्सपेक्षा कमी नाही. त्या बेटाचा धागा आमच्याच जिल्ह्यातून जातो.

१ फेब्रुवारी १८३५ला मॉरिशसमध्ये गुलामी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडायला लागले. त्याच सुमारास गोऱ्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर माणसं आणायला सुरुवात केली. पाच वर्षांचा करार, ठराविक पगार, रेशन, आणि कामावर नाही आलं तर दुप्पट कापणी. बहुतेक मजूर बिहार-उत्तर प्रदेशाकडले, कलकत्त्याहून गेलेले. मद्रासेहून तमिळ-तेलुगू गेले. मुंबईच्या बंदरातून जे गेले त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं बरीच होती. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आताचं सिंधुदुर्गही आलंच. ते साहजिकच होतं. या पट्ट्यातली जमीन खडकाळ, कुळाच्या हाती उरणारं धान्य तुटपुंजं, आणि मुंबई गलबताने दोन-तीन दिवसांवर. मुंबईच्या धक्क्यावर काम शोधत फिरणाऱ्याला दलालाने 'बोटीतून थोडं पुढे जायचंय' म्हटलं, तर ते 'पुढे' किती लांब हे त्याला कळायला मार्ग नव्हता. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली तो आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या वह्यांत प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव अशी नोंद असे. कारकून परका, त्यामुळे गावाची नावं कानाला ऐकू आली तशी उतरवलेली. या वह्या आता मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. मॉरिशसहून कुणी मूळ गाव शोधत कोकणात आलं की हातात अशाच एखाद्या नोंदीची प्रत असते, आणि तिच्यावरचं गाव वाचताना इथला पोस्टमनही डोकं खाजवतो.

गेलेल्या माणसांनी बरोबर काय नेलं? गणपती नेला. हेन्रिएटा भागात १८९६पासून गणपती बसतो असं तिकडे सांगतात, म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक उत्सवाला पुण्यात तीन वर्षं झाली होती तेव्हा. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. ती महाराष्ट्रातही असते, पण तिथे ती दोन टक्क्यांच्या आत-बाहेर असलेल्या समाजासाठी साऱ्या देशाला मिळते. जाखडीही नेली. आमच्याकडे गणपतीत घुंगरू बांधून, गोल धरून, मृदंगाच्या ठेक्यावर नाचतात ती जाखडी. तिला तिकडे झाकरी म्हणतात. पाय तसेच पडतात.

भाषा मात्र हळूहळू सुटली. मॉरिशसमध्ये मळ्यावर, बाजारात, शेजारीपाजारी सगळ्यांची एकच बोली, क्रिओल. फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली. घरात दोन पिढ्या मराठी टिकली, तिसऱ्या पिढीला समजायची पण बोलता येईना, चौथ्या पिढीला आरतीपुरती उरली. आज मॉरिशसमधल्या मराठी घरात आई मुलाला जेवायला हाक मारते ती क्रिओलमध्ये. अशा समाजाची भाषा पन्नास वर्षांत संपून जायला हवी होती. ती संपली नाही याचं श्रेय मंडळ्यांना आहे, सणांना आहे, नाटकवेड्यांना आहे, पण मोठा वाटा शाळेचा आहे. मॉरिशसच्या प्राथमिक शाळेत मुलाला एक 'पूर्वजांची' भाषा घेता येते. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी. २०१२पासून खुद्द क्रिओलही या यादीत आली. मराठी घेणाऱ्या मुलांना मराठीचा सरकारी शिक्षक मिळतो, तासाची घंटा मिळते, वार्षिक परीक्षेला मराठीचा पेपर मिळतो. पुढे सोळाव्या-सतराव्या वर्षी स्कूल सर्टिफिकेट आणि त्यानंतर दोन वर्षांनी हायर स्कूल सर्टिफिकेट. या परीक्षा मॉरिशसचं परीक्षा मंडळ आणि केंब्रिज मिळून घेतात. हो, तेच केंब्रिज. त्यांच्या ए-लेव्हलच्या विषयांच्या यादीत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांच्यासोबत मराठीही आहे.

इथे मला आमच्या मुर्डीची आठवण होते. मुर्डी म्हणजे आंजर्ल्याला लागूनच, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चालत गेलात तर अंगाला घाम यायच्या आत पोचाल. या मुर्डीत १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. कर्व्यांचे नात्यातले. कर्व्यांनीच त्यांना शिकायला मुंबईला नेलं. परांजपे पुढे केंब्रिजला गेले आणि १८९९मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्ये पहिले आले, सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे पहिले हिंदी. त्यावेळी साऱ्या महाराष्ट्रात पेढे वाटले गेले असतील. केंब्रिजने मुर्डीच्या मुलाची परीक्षा घेतली याचं कौतुक आम्ही सव्वाशे वर्षं करतोय. पण आज तेच केंब्रिज, आमच्याच किनाऱ्यावरून गेलेल्यांच्या पणतवंडांची मराठीची परीक्षा घेतंय, हे इथे कुणाच्या गावीही नाही.

आणि आता जरा विलक्षण वाटेल अशी हकीकत. मॉरिशसमध्ये एक सरकार या भाषांच्या मार्कांवरून गेलं. तिथे सहावीला एक परीक्षा असे, सर्टिफिकेट ऑफ प्रायमरी एज्युकेशन. तिच्यातल्या क्रमांकावरून चांगल्या माध्यमिक शाळा मिळत. म्हणजे बारा वर्षांच्या पोराचं नशीब तिच्यावर. क्रमांक लावताना इंग्रजी, फ्रेंच, गणित असे विषय धरले जात, पौर्वात्य भाषांचे मार्क धरले जात नसत. म्हणजे मूल मराठी-हिंदी-तमिळ शिकणार, पेपर देणार, आणि क्रमांकाच्या वेळी तो पेपर शून्य. त्या भाषा घेणाऱ्यांचं म्हणणं असं की मार्कच धरणार नसाल तर शहाणे आईबाप तासाला बसवतील कशाला? आणि ज्यांच्या पूर्वजांची अशी कुठली आशियाई भाषाच नव्हती, त्यांचं म्हणणं की मार्क धरले तर आमच्या मुलांवर अन्याय, कारण आमच्याकडे जोडायला भाषाच नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून भांडण मिटेना. शेवटी १९९५मध्ये पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या सरकारने या भाषांचे मार्क धरता यावेत म्हणून घटनादुरुस्ती आणली. ती विधानसभेत पडली. जगन्नाथांनी सभागृह विसर्जित केलं आणि २० डिसेंबर १९९५ला निवडणूक झाली. विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठपैकी साठ जागा घेतल्या. सरकार पडायला इतरही कारणं होती, नाही म्हणायचं नाही. पण निमित्त होतं सहावीच्या मुलाच्या मार्कपत्रिकेतला एक रकाना. पुढे काही वर्षांनी त्या भाषांचे मार्क धरले जाऊ लागले.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात २०२०च्या मार्चमध्ये कायदा झाला, राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची. टाळ्या झाल्या. मग करोना आला, शाळा बंद पडल्या, आणि इतर मंडळांच्या मुलांना मराठी जड जाते अशी तक्रार आली. एप्रिल २०२३मध्ये शासनाने आदेश काढला की २०२२-२३ला आठवीत असलेल्या तुकडीला दहावीपर्यंत मराठीला फक्त श्रेणी द्यावी, ती एकूण मूल्यमापनात धरू नये. म्हणजे मॉरिशसमध्ये ज्या रकान्यावरून सरकार गेलं, तो रकाना महाराष्ट्रात एका तुकडीपुरता का होईना, एका आदेशाने मोकळा सोडण्यात आला. सवलत तात्पुरती होती हे मान्य. पण शाळेत न धरल्या जाणाऱ्या विषयाच्या तासाला काय होतं हे शाळेत गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्या तासाला गणिताच्या बाई येतात आणि राहिलेला धडा पुरा करतात.

दुसरीकडे, जिथे मराठी माणसं खूप आहेत आणि बऱ्यापैकी पैसेवाली आहेत, तिथेही मराठीच्या परीक्षेचा पत्ता नाही. ब्रिटनमध्ये बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांची जीसीएसई आहे, मराठीची नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, भारताबाहेरच्या जुन्या मंडळांपैकी एक. तिथे गणपती होतो, नाटकं होतात, दिवाळीचा फराळ होतो. पण तिथल्या मुलाने मराठी घेऊन शाळेची परीक्षा द्यायची म्हटलं तर पेपर नाही. गुजराती समाजाने तो मिळवला, कारण त्यांची मुलं परीक्षेला बसायला तयार होती, आणि परीक्षा मंडळ विद्यार्थ्यांची संख्या बघतं, परंपरा बघत नाही. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळा आहेत. त्यांचे अभ्यासक्रम आणि परीक्षा पुण्याच्या भारती विद्यापीठाशी जोडलेल्या आहेत, आणि काही ठिकाणी तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टकडून परकीय भाषेचं क्रेडिटही मिळवून घेतात. तिथल्या आईबापांना नेमकं काय हवंय हे त्यांना ठाऊक आहे. मूल 'आजीशी बोलता यावं म्हणून' रविवारी सकाळी फुटबॉल सोडत नाही. कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढते म्हटल्यावर सोडतं. यात कुणाला कमीपणा वाटत असेल तर वाटो. मुरुडचा मुलगाही साताऱ्याला मराठीच्या प्रेमापोटी गेला नव्हता. नोकरीसाठी गेला होता.

ज्या कागदाला किंमत नाही असा कागद माणसं घेतील का, याचीही परीक्षा कर्व्यांनीच एकदा करून पाहिली. मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये निघालं तेव्हा मराठीला थोडी जागा होती. १८६०च्या दशकात ती काढून घेतली आणि पदवीपर्यंत मराठी औषधालाही उरली नाही. न्यायमूर्ती रानडे वर्षानुवर्षं त्यासाठी झगडले. एम.ए.ला मराठी परत आली ती १९०१मध्ये. त्याच वर्षाच्या जानेवारीत रानडे वारले. म्हणजे ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेत इथल्या सगळ्यात मोठ्या विद्यापीठात उच्च शिक्षण घेता येत नाही, अशी चाळीसेक वर्षं गेली. कर्व्यांनी १९१६मध्ये महिलांचं विद्यापीठ काढलं ते मातृभाषेतून शिकवणारं. कल्पना जपानच्या महिला विद्यापीठाचं माहितीपत्रक वाचून सुचलेली. इंग्रजी विषय म्हणून सक्तीचा, बाकी सगळं मराठीतून, पुढे गुजरातीतूनही. सरकारची मान्यता नाही. ही पदवी घेऊन कुठली सरकारी नोकरी मिळणार नाही, हे पहिल्या तुकडीतल्या मुलींना माहीत होतं. त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, पण कायद्याची मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तोवर तीसेक वर्षं बाया या विद्यापीठात शिकत राहिल्या. मराठीची पदवी निव्वळ शिकायचं म्हणून घेणारी माणसं असतात, हे त्यांनी दाखवलं. पण हेही खरं की त्या बायांना नोकऱ्या तशाही कुणी देत नव्हतं. त्यांच्यासाठी मान्य पदवी आणि अमान्य पदवी यांत फारसा फरकच नव्हता.

आता एक अडचणीची गोष्ट. परीक्षा भाषा वाचवते असं मी म्हणतोय, पण कोणती भाषा? संध्याकाळी आंजर्ल्यात कुठल्याही ओसरीवर जा. पोर पालथं पडून निबंध लिहीत असतं, 'मी पाहिलेले समुद्रकिनाऱ्यावरील कासव'. हा विषय आमच्याकडे हमखास येतो, कारण फेब्रुवारी ते एप्रिल ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडायची जत्रा इथे असते. शेजारी आजी तांदूळ निवडत असते. ती पोराला सांगते, 'मी पन बगलंय ना रं, रातचं येत्यात ती, पानी वसरलं की.' पोर ऐकतं आणि वहीत लिहितं, 'मीही पाहिले आहे. ती रात्री येतात, ओहोटी लागल्यावर.' सगळं भाषांतर मनातल्या मनात, विनासायास. आजीचं वाक्य तसंच्या तसं उतरवलं असतं तर बाईंनी चार ठिकाणी लाल पेन चालवलं असतं. घरात तो 'मी जातंव' म्हणतो, कागदावर 'मी जातो'. पोरांना यात काही विचित्र वाटत नाही. शाळेतली मराठी आणि घरातली मराठी या त्यांच्या लेखी गणवेश आणि घरचे कपडे.

या घरातल्या मराठीचे प्रकार तरी किती. बाणकोटपासून खाली येणारी बाणकोटी, पलीकडे संगमेश्वरी, हर्णैच्या कोळीवाड्यात वेगळा हेल, दालदी मुसलमानांची त्यांची स्वतःची. आणि ब्राह्मणआळीतली चित्पावनी, जी इथून कधीच नाहीशी झाली आणि आता गोव्यात आणि दक्षिण कर्नाटकातल्या काही घरांत बोलली जाते. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंड १९०५मध्ये आला. त्यात यांपैकी कित्येक बोलींचे नमुने आहेत. प्रत्येक बोलीत बायबलातली तीच एक गोष्ट सांगून घेतलेली. बापाकडून वाटणी घेऊन दूरदेशी गेलेल्या आणि सगळं उधळून परत आलेल्या पोराची. आमच्या किनाऱ्यावरल्या बोलींच्या नशिबी लेखी नमुना म्हणून पुढे फारसं काही आलंच नाही. त्यांची परीक्षा कधी झाली नाही आणि होणारही नाही. गंमत बघा, दहावीच्या मंडळाकडे अर्धमागधीचा पेपर आहे, पालीचा आहे, संस्कृतचा पूर्ण आणि संयुक्त असा दोन तऱ्हांचा आहे. ज्या भाषांत कुणी भाजी विकत घेत नाही त्यांना मार्क, आणि हर्णैच्या मासळीच्या लिलावात ज्या भाषेत बोली लागते ती वहीत चूक. अर्धमागधी काढून टाका असं मी म्हणत नाही. संस्कृतची 'स्कोअरिंग' म्हणून ख्याती आहे म्हणूनच कोकणातल्या शंभर शाळांत संस्कृतचा मास्तर टिकला आहे, आणि ते चांगलंच आहे. पण मग स्कोअरिंगचा हा नियम फक्त मेलेल्यांनाच का लागावा?

मॉरिशसमध्ये हीच अडचण आणखी पीळदार होऊन बसली आहे. तिकडे गेलेली माणसं बोलत होती ती किनाऱ्यावरली, घाटाखालची मराठी. पेपर येतो तो प्रमाण मराठीचा, पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतला. म्हणजे चौथ्या पिढीतली मुलगी 'माझ्या पणज्यांची भाषा' म्हणून जी शिकते, ती तिच्या पणज्यालाही परकी वाटली असती. मँक्सवरही हाच आक्षेप घेतात, की पुस्तकातून आणि ध्वनिफितींतून उभी केलेली भाषा ही नेड मॅड्रेलची भाषा नव्हेच. आक्षेप बरोबर आहे. तरी माझं मत असं, की प्रमाण भाषा का होईना, पेपर हवा. पेपर असला की शिकलेल्या मुलीला आजोबांच्या तोंडची चार वाक्यं निदान ओळखता तरी येतात, ती लिहून घेता येतात, त्यांवर नाटक लिहिता येतं. पेपर नसला तर ती वाक्यं तिच्या कानावर पडतात आणि निघून जातात. बोलीला वाचवायलाही प्रमाण भाषा शिकलेली माणसंच लागतात. जाखडीची गाणी वह्यांत उतरवून ठेवणारे आमच्याकडचे बुवा निशाणी अंगठ्याचे नव्हते, शाळेत मराठी शिकलेले होते.

महात्मा गांधी संस्थेत मराठीची पदवी घेता येते. काही मुलं भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्या-मुंबईलाही येतात. ती परत जाऊन मराठीचे शिक्षक होतात, आणि त्यांच्या वर्गात पुन्हा पुढली मुलं. हे चक्र इतकं लहान आहे की एखाद्या वर्षी सहावीत मराठी घेणारे कमी झाले तर दहा वर्षांनी शिक्षकाची जागा कमी होते. क्रिओलही आता शाळेत विषय झालीय, आणि मुलाला घरची भाषा सोपी जाणारच, तेव्हा स्पर्धा आहे ती हिंदी-फ्रेंचशी कमी आणि आपल्याच घरातल्या बोलीशी जास्त. क्रिओलला जागा मिळाली हे न्यायाचंच झालं. आमच्या आजीच्या बोलीला ती इथे मिळत नाही म्हणून गळा काढायचा आणि तिकडे क्रिओलला मिळाली म्हणून नाक मुरडायचं, असं चालणार नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फटाके वाजले. त्या दर्ज्यातून जो काही निधी येईल, त्यातला थोडा तरी मोका इथल्या मराठीच्या वर्गाकडे, पाठ्यपुस्तकांकडे आणि इथल्या बाणकोटी-संगमेश्वरीच्या ध्वनिमुद्रणांकडे वळावा, असं मला वाटतं. लंडनच्या मंडळींनी एकदा परीक्षा मंडळाकडे रीतसर अर्ज करून बघावा, असंही वाटतं. विद्यार्थी किती जमतील याची यादी सोबत जोडावी, नाहीतर अर्ज उघडून बघणार नाहीत.

मॉरिशसच्या स्कूल सर्टिफिकेट आणि हायर स्कूल सर्टिफिकेटच्या लेखी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात. दिवाळीला तिथे सार्वजनिक सुट्टी, पण सुट्टीच्या अल्याडपल्याड पेपर असतातच. तेव्हा दिवाळीच्या आठवड्यात तिथल्या वाक्वा किंवा कास्काव्हेलकडचं एखादं पोर लाडू खाता खाता मराठी निबंधाचे मुद्दे पाठ करत बसलेलं असायला हरकत नाही. मार्क धरले जाणार आहेत, त्यामुळे त्याच्या आईने टीव्ही बंद केलेला असेल.